पॅरलल बार: एका हातावरची फिरकी

जिम्नॅस्टिक्समधले हे साधन म्हणजे साडेतीन मीटर लांबीचे दोन समांतर बार, जमिनीपासून 2 मीटर उंच. खाली 20 सेंटिमीटरची मॅट असल्याने मोकळी उंची उरते 180 सेंटिमीटर. म्हणूनच बारला लटकून मोठा झोका घेताना तळाशी गुडघे दुमडावे लागतात, नाहीतर पाय मॅटला घासतील.

हे साधन जर्मनीचे. व्यायामशिक्षक फ्रीडरिश यानने 1811 साली बर्लिनच्या हाझेनहाइडमध्ये खुली व्यायामशाळा उभारली, आणि तिथेच हातांची ताकद वाढवण्यासाठी हे बार आले. आज मात्र ताकदीपेक्षा झोक्याला मान आहे.

दोन बारमधले अंतर 42 ते 52 सेंटिमीटरमध्ये बदलता येते. ते खांद्यांपेक्षा किंचित जास्त असावे. फार रुंद ठेवले, तर हात बाहेर फाकतात आणि वजन सरळ हाडांवरून खाली उतरत नाही. अरुंद ठेवले, तर झोक्यात नितंब बारला लागतात. पकडीसाठी मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड लावतात. अनेक जण तिच्याखाली मधही चोळतात.

आता डिओमिडोव पाहा. सोव्हिएत संघाच्या सर्गेई डिओमिडोवच्या नावाने ओळखली जाणारी ही हालचाल. शरीर खांद्यांतून झुलत पुढे वर जाते, एक हात सुटतो, दुसऱ्या हाताभोवती पूर्ण 360 अंशांची फिरकी होते आणि खेळाडू थेट हँडस्टँडमध्ये, म्हणजे हातांवर उलटे सरळ उभे राहण्याच्या स्थितीत, पोहोचतो.

बिघडते ते बहुतेक वेळा हात सुटण्याआधीच. बारवर टेकलेल्या तळव्याच्या बरोबर वर खांदा आला नसेल, तर फिरकीत शरीर एका बाजूला कलते. पाय पुरेसे वर जाण्याआधी वळायची घाई केली, तर हँडस्टँड तिरपा येतो आणि परतणारा हात बार शोधत राहतो. कंबरेत वाकून उंची भरून काढणाऱ्याची रेषा मोडते. नवशिक्यांना ही फिरकी आधी बुटक्या बारवर, दोन्ही बाजूंना जाड मॅट टाकून शिकवावी. त्याआधी साध्या झोक्यातून हँडस्टँड डोळे झाकून येईल इतका पक्का हवा.

पंचांची नजर त्या शेवटच्या रेषेवर असते. उभ्या रेषेपासून 15 अंशांपर्यंतचा कल माफ. 30 पर्यंत 0.1, 45 पर्यंत 0.3, त्यापुढे 0.5 गुण जातात. खाली पडल्यास पूर्ण 1 गुण.

चीनच्या झोउ जिंगयुआनने टोकियो ऑलिंपिकमध्ये 16.233 आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये 16.200 गुणांनी सुवर्ण जिंकले. त्याचा व्यायाम पाहताना पायांकडे नको, हातांकडे बघा. सुटलेला हात बारवर परत येतो, तो नेमका जागेवरच. पुन्हा सरकवून नीट करावा लागत नाही.