गॅस टॉर्च घेताना ज्योतीचं काय बघायचं

[दृश्य: हार्डवेअरच्या दुकानातलं कपाट. ओळीने टांगलेल्या टॉर्च.]

एका खोक्यावर मोठ्या अक्षरांत 1300 अंश छापलेलं आहे, शेजारच्या खोक्यावर 1700. गिऱ्हाईक साहजिकच मोठ्या आकड्याकडे हात नेतं. टॉर्च निवडायला हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे.

प्रोपेन हवेत जळताना ज्योतीचं तापमान हिशेबाने 1980 अंश सेल्सियसच्या आसपास जातं. ब्युटेनचंही जवळपास तेवढंच. स्वयंपाकघरातली बोटभर ज्योतीची टॉर्च असो की गच्चीवर वॉटरप्रूफिंगची शीट चिकटवणारा हातभर लांब बर्नर, तापमानात फार फरक नाही. फरक पडतो तो तासाला किती ग्रॅम गॅस जळतो यात. 1 किलो प्रोपेनमधून विजेच्या भाषेत सुमारे 12.8 युनिट उष्णता निघते. तासाला 150 ग्रॅम जाळणारी हातातली टॉर्च म्हणजे साधारण 2 किलोवॅट, घरच्या गीझरएवढी. त्यातलीही बरीच उष्णता धातूला न शिवताच हवेत जाते.

म्हणून खोक्यावर शोधायचं ते ‘ग्रॅम प्रति तास’ किंवा किलोवॅट. दोन्ही नसेल आणि फक्त अंश असतील, तर ती टॉर्च हलक्या कामाची समजून चालावं.

[दृश्य: तांब्याच्या नळ्या, वेगवेगळ्या जाडीच्या.]

परदेशी व्हिडिओंत टॉर्च दिसते ती बहुधा घरातल्या पाण्याच्या तांब्याच्या पाइपवर. आपल्याकडे नव्या घरांत भिंतीत सीपीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकचा पाइप असतो, त्याला टॉर्च लावायचीच नसते. इथली कामं वेगळी: एसी आणि फ्रीजची तांब्याची नळी, कल्हई, गंजून बसलेले नट, गच्चीची शीट. प्रत्येकाला लागणारी ज्योत वेगळी.

सगळ्यांत कसोटी लागते ती एसीच्या नळीवर. तांबं उष्णता इतक्या झपाट्याने पळवतं की सांध्यावर ती येते त्याहून वेगाने पुढे निघून जाते. तांबं-फॉस्फरसची ब्रेझिंग काडी, म्हणजे सांध्यात वितळवून भरायची काडी, 710 अंशांच्या आसपास वितळू लागते आणि नीट वाहायला त्याहून थोडं जास्त लागतं. तांबं स्वतः वितळतं 1085 अंशांना. काम या दोन आकड्यांच्या मधे उरकायचं असतं. दोन सुती आणि तीन सुती नळी (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चांगल्या हातटॉर्चवर होते. चार सुतीला दम लागतो. पाच सूत आणि पुढे साधी ब्युटेनची टॉर्च घेऊन बसलात तर नळी काळी पडते, फूटभर लांबचं इन्सुलेशन वितळतं, पण सांधा लाल होत नाही. तिथे ऑक्सिजन जोडलेली टॉर्च हवी, किंवा निदान पिवळ्या बाटलीतला मॅप-प्रो गॅस आणि भोवरा फिरवणारं, म्हणजे ‘स्वर्ल’ प्रकारचं तोंड. या तोंडात गॅस आणि हवा गरगरत मिसळतात आणि ज्योत नळीला वेढा घालते. पेन्सिलीसारखी टोकदार ज्योत एकाच बाजूला भाजते.

मॅप-प्रो म्हणजे जुना ‘मॅप’ गॅसच, हा गैरसमज दुकानदारही पसरवतात. मूळ ‘मॅप’ गॅसचं उत्तर अमेरिकेतलं उत्पादन 2008 मध्ये थांबलं. आज त्या नावाने मिळतं ते मुख्यतः प्रोपिलीन. ते प्रोपेनपेक्षा थोडं गरम जळतं, पण ऑक्सि-ॲसिटिलीनची बरोबरी करत नाही.

[दृश्य: सांध्यावर ज्योत, काडी टेकते, धातू आत ओढला जातो.]

निळ्या ज्योतीत आतला फिकट सुळका दिसतो. सर्वांत गरम जागा त्याच्या टोकापुढे असते. सुळका धातूवर चेपला तर ज्योत गुदमरते आणि काम लांबतं. आधी आतली नळी तापवायची, मग बाहेरचा सॉकेट, म्हणजे ती ज्यात बसते ते रुंद तोंड. दोन्ही मंद लाल झाले की काडी धातूला टेकवायची. काडी ज्योतीतच वितळवली तर थेंब थंड नळीवर नुसता बसतो, आत शिरत नाही. बाहेरून सांधा छान दिसतो आणि महिन्याभरात गळतो. नळी आणि सॉकेटमधली फट 0.1 मिलिमीटरच्या आसपास असली की धातू आपोआप ओढला जातो.

तांब्याला तांबं जोडताना या काडीला फ्लक्स, म्हणजे धातू साफ ठेवणारी पेस्ट किंवा पावडर, लागत नाही. पितळेला लागतो. लोखंडावर मात्र ती वापरूच नये, फॉस्फरसमुळे सांधा ठिसूळ होतो. फ्रीजच्या कॉम्प्रेसरची पोलादी नळी असेल तर चांदीची काडी आणि फ्लक्स. जोडताना आतून नायट्रोजन सोडायचा, तळहाताला जेमतेम जाणवेल इतका आणि दुसरं टोक उघडं ठेवून. तो नसेल तर आत काळी खपली धरते आणि पुढे जाऊन कॅपिलरीत, म्हणजे यंत्रातल्या केसासारख्या बारीक नळीत अडकते. सर्व्हिस व्हॉल्व्हभोवती ओलं फडकं गुंडाळायचं, कारण आतलं सील रबराचं किंवा टेफ्लॉनचं असतं.

आणि जुना सांधा टॉर्चने सोडवण्याआधी आत कोणता गॅस आहे ते लेबलवर वाचा. अलीकडच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-600ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. तो जळतो. काही एसींतला आर-290 तर चक्क प्रोपेनच. अशी नळी कटरने कापायची, गॅस मोकळ्या हवेत काढायचा, नायट्रोजनने धुऊन घ्यायचं आणि मगच ज्योत. जुना आर-22 सहज पेटत नाही, पण ज्योतीत सापडला की त्याचे विषारी वायू होतात.

[दृश्य: पातेलं, खालून रुंद ज्योत.]

कल्हईचं गणित उलटं. कथील 232 अंशांनाच वितळतं, त्यामुळे जोर नको, पसारा हवा. 30 ते 35 मिलिमीटर तोंडाचा बर्नर कमी दाबावर, ज्योत बाहेरून आणि सतत फिरती. टोकदार ज्योतीने एका जागी डाग पडतो. तिथलं कथील पिवळं पडून जळतं आणि शेजारी ते पसरतच नाही. नवसागराचा पांढरा धूर घशाला झोंबतो, म्हणून हे काम अंगणात.

अडकलेल्या नटाला मधली टॉर्च पुरते. तापवायचा नट, बोल्ट नव्हे. जस्ताचा मुलामा असेल तर आधी घासून काढावा, जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. शॉक ॲब्सॉर्बर, दोन्ही टोकं बंद असलेला पाइप, टायरसकट चाक, यांच्याजवळ ज्योत न्यायचीच नाही.

गच्चीचा बर्नर हे वेगळंच जनावर. तासाला 3-4 किलो गॅस सहज खातो. वर्षातून एकदा पावसाळ्याआधी लागणार असेल तर भाड्याने आणा.

[दृश्य: लाल सिलिंडर, निळा सिलिंडर, लांबट कॅन.]

आता गॅस कुठून आणायचा. घरच्या लाल सिलिंडरवर टॉर्च लावायचा मोह सगळ्यांना होतो. एक तर 14.2 किलोचा तो सिलिंडर स्वयंपाकासाठीच द्यायचा, असा नियम आहे. दुसरं म्हणजे त्याचा रेग्युलेटर सुमारे 30 मिलिबार दाब देतो. टॉर्चला अर्धा ते दोन बार लागतो (1 बार म्हणजे 1000 मिलिबार). ज्योत पिवळी, लुळी येते, आणि मग कुणीतरी रेग्युलेटरशीच खेळायला लागतं. गाळ्यात 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणि दाबाचा काटा असलेला हाय-प्रेशर रेग्युलेटर घ्यावा. जागा कमी असेल तर तेल कंपन्यांचा 5 किलोचा छोटा सिलिंडर. बाजारात चोरून भरून मिळणाऱ्या बिननावाच्या टाक्या घेऊ नयेत. त्या काठोकाठ भरतात, आत द्रवाला फुगायला जागा राहत नाही.

घरच्या तुरळक कामाला 220 ग्रॅमचा ब्युटेनचा कॅन आणि त्यावर चढणारं डोकं पुरे आहे. मात्र ब्युटेन शून्याच्या आसपास उकळतो, त्यामुळे डिसेंबरात महाबळेश्वरला पहाटे अशी टॉर्च मलूल पडते. प्रोपेन उणे 42 ला उकळतो, त्याला थंडीचं काही नाही. कॅन सलग वापरला तर स्वतःच्याच बाष्पीभवनाने गार होतो आणि दहाएक मिनिटांत जोर उतरतो. तो ज्योतीने शेकायचा नाही. बाजूला ठेवून दुसरा लावायचा.

कॅनमध्ये घरचा एलपीजी भरायची युक्ती सांगणारे बरेच आहेत. 40 अंशांना ब्युटेनचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 3.8 पट असतो, प्रोपेनचा 13 पटींहून जास्त. एलपीजीत दोन्ही असतात. कॅनचा पत्रा फक्त पहिल्या आकड्यासाठी बनलेला आहे.

[दृश्य: दुकानात टॉर्च हातात घेऊन तपासणी.]

घेताना पेटवून बघायचा आग्रह धरा. पेटवल्यावर हळूच तिरपी, मग उलटी करा. स्वस्त डोक्यातून पिवळा भडका बाहेर येतो, कारण वाफेऐवजी द्रवच वर चढतो. चांगल्या डोक्यात गॅस आधी तापवणारी नळी असते, तरीही पहिलं मिनिटभर टॉर्च सरळच धरायची. डोकं पितळेचं, ज्योतीची नळी स्टेनलेस स्टीलची हवी. पिझोचा, म्हणजे दाबल्यावर ठिणगी पाडणारा चाप सर्वांत आधी बिघडतो, त्यामुळे साध्या ठिणगीच्या लायटरनेही पेटणारी टॉर्च बरी. रोजचं काम असेल तर रबरी नळीवाली घ्या. सिलिंडर जमिनीवर उभाच राहतो आणि मनगटाला वजन येत नाही.

ज्योत पिवळी झाली तर हवेच्या भोकांत धूळ किंवा कोळ्याचं जाळं असतं. फडफडून विझत असेल तर दाब जास्त. नळीच्या आतच घोंगावत जळत असेल तर दाब कमी किंवा जेट, म्हणजे गॅस बाहेर सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, अर्धा बंद. ताबडतोब बंद करा, नाहीतर नळी लाल होते. जेटचं भोक केसाएवढं असतं. त्यात सुई घातली की ते मोठं होतं आणि टॉर्च कायमची बिघडते. काढून स्पिरिटात बुडवायचा, उलट्या बाजूने हवा मारायची.

प्रत्येक जोडणीवर साबणाचं पाणी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत पसरतो आणि गटारात, खड्ड्यात साचतो, म्हणून नाक वर करून वास घेण्यात अर्थ नाही. ओ-रिंगच्या, म्हणजे जोडणीतल्या गोल रबरी कड्याच्या जागी टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नका.

बंद करताना आधी सिलिंडर, मग नळीतला उरलेला गॅस जळून जाऊ द्या, शेवटी टॉर्चचा कॉक. कॅन असेल तर डोकं काढून ठेवा आणि उन्हातल्या गाडीत ठेवू नका, 50 अंशांची मर्यादा त्याच्या अंगावरच लिहिलेली असते. फॉल्स सीलिंगजवळ काम केलं असेल तर निघण्याआधी अर्धा तास तिथेच थांबा आणि वर हात लावून बघा.