प्रिंटरची जागा प्लग ठरवणार की पाठ?

नमस्कार, श्रोतेहो.

सांगलीच्या मार्केट यार्डातलं अडतीचं दुकान घ्या, नाहीतर मिरजेतल्या एखाद्या लॅबचं काउंटर. भिंतीत प्लग जिथे, तिथे प्रिंटर, अशीच मांडणी बहुतेक दिसते. मग खुर्चीवरचा माणूस दर पावतीला कमरेतून मागं वळतो, नाहीतर पायाशी वाकतो. दिवसाला दोनशे पावत्या निघाल्या, तर पाठ दोनशे वेळा पिळली जाते. म्हणून आज एवढं पक्कं करू: आधी माणूस बसवायचा, मग प्रिंटर, आणि प्लग सगळ्यात शेवटी.

हा प्रिंटर आला कुठून, ते ऐका. त्याचं मूळ एका अवघडलेल्या हातात आहे.

१९३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चेस्टर कार्लसन नावाचे गृहस्थ एका कंपनीच्या पेटंट खात्यात कामाला होते. तिथं प्रत्येक कागदाच्या प्रती लागायच्या, आणि त्या कधीच पुरायच्या नाहीत. संध्याकाळी ते कायदा शिकत. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून ग्रंथालयात बसून पानंच्या पानं हातानं उतरवून काढत. संधिवात होता, नजर अधू होती, लिहून लिहून बोटं आखडायची. प्रत काढण्याचं काम यंत्रानं करावं, हे त्यांच्या मनानं तिथंच घेतलं. घरच्या स्वयंपाकघरात गंधक तापवून प्रयोग सुरू झाले. त्या वासाची कल्पना तुम्हीच करा!

पुढं अॅस्टोरिया भागात एक खोली भाड्यानं घेतली, ऑटो कोर्नाय नावाचा मदतनीस ठेवला. तारीख २२ ऑक्टोबर १९३८. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिलेला. खोलीत अंधार करून तो थर सुती रुमालानं घासला, म्हणजे त्यावर विजेचा भार चढला. काचेच्या पट्टीवर शाईनं तारीख आणि 'अॅस्टोरिया' लिहिलेलं होतं. ती पट्टी थरावर ठेवून काही सेकंद दिव्याचा उजेड दिला. उजेड पडला तिथला भार निघून गेला, अक्षरांच्या सावलीतला तेवढा राहिला. पट्टी काढून वर लायकोपोडियमची पूड भुरभुरली. पिवळसर, अगदी हलकी पूड. हळदीच्या गावाला वेगळं सांगायला नको. फुंकर मारली. बाकीची पूड उडाली, अक्षरं मात्र तिथंच चिकटून राहिली! मग मेणकागद दाबून ती उचलून घेतली. जगातली पहिली कोरडी प्रत ती हीच.

यानंतर वीसपेक्षा जास्त कंपन्यांनी त्यांना नकार दिला. नेट धरून राहिले म्हणून १९५९ साली झेरॉक्स ९१४ हे यंत्र बाजारात आलं. वजन जवळजवळ २९५ किलो, म्हणजे पन्नास किलोची सहा पोती. आजचा लेझर प्रिंटरही त्याच तत्त्वावर चालतो: भार, उजेड, पूड, आणि शेवटी उष्णता. एका माणसाचा हात दुखला म्हणून जे यंत्र घडलं, त्यानं दुसऱ्याची पाठ दुखवावी, हे मला पटत नाही.

आता मांडणी. आधी माणूस. खुर्ची एवढी उंच करा की कोपर की-बोर्डच्या पातळीला येईल. टेबलं बहुधा अडीच फूट उंच असतात. बुटक्या माणसाचे पाय मग लोंबकळतात. पायाखाली लाकडी पाट द्या. गुडघ्यामागं आणि बैठकीच्या कडेत दोन-तीन बोटं जागा हवी. स्क्रीन हातभर लांब, वरची कड डोळ्यांच्या रेषेत, खिडकी बाजूला. आणि नव्या खुर्चीवरचं प्लास्टिक आधी काढा. ते वर्षानुवर्षं तसंच ठेवतात. पाठ घामानं चिकटते आणि माणूस पुढं सरकून बसतो. जुन्या पेढीवरचं उतरतं मेज आपण मोडीत काढलं, तेही चुकलंच. कागद डोळ्यांसमोर तिरका यायचा. आज कागद बघून नोंदी करणारा दिवसभर मान खाली-वर करतो. स्क्रीनशेजारी तिरकी फळी उभी केली तरी ते काम होतं.

मग प्रिंटर. सतत लागणारा बाजूला, कोपराच्या उंचीवर, बसल्या जागेवरून हात पोचेल असा. डॉट मॅट्रिक्स, म्हणजे शाईच्या फितीवर पिना आपटून छापणारा प्रिंटर, असेल तर वेगळ्या स्टँडवर, कारण तो टेबल हादरवतो. त्याच्या जोडकागदाची पेटी बरोबर मागं, सरळ रेषेत ठेवा. पेटी तिरकी असली की कडेची भोकं दातऱ्यांवरून सुटतात आणि कागद फाटतो. छापून आलेला कागद मागच्या कोऱ्या कागदावर पडू देऊ नका, नाहीतर तोच पुन्हा आत ओढला जातो.

मोठा लेझर तीन-चार पावलांवर बरा. तेवढंच उठणं होतं. ट्रे ओढायला पुढं दोन फूट मोकळे, मागं हवेला वीतभर. साध्या यूएसबी केबलची मर्यादा पाच मीटर. त्यापुढं नेटवर्कवर जोडा. लेझर यूपीएसवर नको. आतला हीटर एकदम जास्त वीज ओढतो आणि छोटा यूपीएस बंद पडतो, सोबत कॉम्प्युटरही. तो थेट भिंतीतल्या प्लगवर. म्हणजे पुन्हा तेच: आधी माणूस, मग प्रिंटर, मग प्लग. प्लग लांब पडला तर वायरमनला बोलवून वायर पुढं आणा. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको. २०१९चा महापूर बघितलेल्या गावाला याचं कारण विचारायला नको.

पावसाळ्यात छपाई पुसट येते, कागद अडकतो. दमट कागद भार धरत नाही, म्हणून पूड नीट बसत नाही. रिमचं वेष्टण लागेल तेव्हाच फोडा, उरलेले कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. कागद अडकलाच तर बंद करून निवू द्या, मग दोन्ही हातांनी, कागद जातो त्याच दिशेनं हळू ओढा. टोनर, म्हणजे हीच पूड, सांडला तर कोरड्या फडक्यानं टिपा, हात थंड पाण्यानं धुवा. गरम पाणी वापरलं तर पूड वितळून चिकटते.