चाकाला चाक

(पडद्यावर: पहाटेचा रस्ता. सायकलचं मागचं चाक जवळून. फ्री-व्हीलची टकटक.)

निवेदन:

सायकल हे एकट्याचं वाहन, असं म्हणतात. सीट एक, हँडल एक, कॅरिअरवर फार तर एखादी पिशवी. तरी आयुष्यभर सायकल चालवलेल्या कुणालाही त्यातले आवडते क्षण विचारून बघा. आधी किलोमीटर सांगेल, मग चढ किती खडा होता ते सांगेल, आणि पाचव्या मिनिटाला तो दुसऱ्याच कुणाबद्दल बोलायला लागलेला असेल. माझंही तसंच होतं. माझ्या आठवणीतल्या बहुतेक फ्रेममध्ये आणखी एक माणूस आहे.

शिकतानाची गोष्ट लवकर उरकतो, कारण ती जवळपास सगळ्यांची सारखीच असते. मागे कुणीतरी सीट धरून पळतंय. आपण ओरडतोय, “सोडू नको हं!” मागून उत्तर येतं, “नाही सोडत, तू पुढे बघ.” मग तोच आवाज जरा लांबून येतो आणि लक्षात येतं, हात केव्हाच सुटलाय. बरेच जण नेमके तेव्हाच पडतात. मीही पडलो.

सायकल पडत का नाही, या प्रश्नानं शास्त्रज्ञांनाही बरंच दमवलंय. फिरत्या चाकांमुळे ती उभी राहते, असं अनेक वर्षं सांगितलं जायचं. 2011 साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी मुद्दाम अशी एक सायकल बनवली, जिच्यात चाकांचा तो परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकांनी काढून टाकला होता. ढकलून दिल्यावर ती बिनचालकाची सायकल तरीही तोल सावरत गेली. एक गोष्ट मात्र पक्की आहे. सायकल ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला हँडल वळावं लागतं. नवशिका घाबरून नेमका उलटीकडे ओढतो.

आता मुलांना शिकवताना पेडल काढून ठेवतात आणि सीट खाली घेतात. मूल पायांनी जमीन रेटत जातं आणि हळूहळू पाय उचलायला लागतं. 1817 साली कार्ल फॉन ड्राइसनं जर्मनीतल्या मानहाइममध्ये आपलं दुचाकी यंत्र चालवून दाखवलं, त्यालाही पेडल नव्हती. तोही असाच जमीन रेटत गेला होता. म्हणजे आजची मुलं दोनशे वर्षांचा इतिहास एका सुट्टीत उरकतात. पद्धत चांगलीच आहे, गुडघे फुटत नाहीत. पण मागे पळणारं कुणी लागत नाही, हे मला जरा खटकतं. असो.

(पडद्यावर: मोकळा, सपाट रस्ता. कडेचं गवत एका बाजूला आडवं झालेलं.)

चढ समोर दिसतो, त्यामुळे मनाची तयारी होते. वारा दिसत नाही. ताशी तीसच्या आसपास वेग गेला की सपाट रस्त्यावर पायांतली बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. वेग दुप्पट करायचा म्हटलं, तर निव्वळ हवेसाठीच आठपट ताकद लागते. त्यात समोरून वारा असेल तर विचारूच नका.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. मान खाली घालून एकटाच वाऱ्याशी झटत होतो. मागून चार-पाच जणांची रांग आली आणि मला ओलांडून पुढे गेली. शेवटच्यानं जाता जाता मान हलवून खूण केली, ये, लाग मागे. जीव काढून मी त्याच्या चाकाला चाक लावलं, आणि वारा थांबला. कुणीतरी दार लावून घ्यावं, तसा. इतका वेळ कानात घोंघावणारा आवाज गेला आणि पहिल्यांदाच मला माझ्या चेनचा आवाज ऐकू आला. तिला तेल हवं होतं.

पुढच्याच्या मागे हातभर अंतरावर राहिलं, तर मागच्याचे साधारण पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी कळली ती रांगेची भाषा. पुढचा हात खाली करून बोट दाखवतो, म्हणजे खड्डा. उघडा तळवा पाठीशी धरला, म्हणजे वेग कमी करतोय. कोपर बाहेर हललं, म्हणजे माझी पाळी झाली, आता तू पुढे हो. मागच्यांना रस्ता दिसतच नसतो, दिसतं ते पुढच्याचं मागचं चाक. अनोळखी माणसाच्या एका बोटावर भरवसा ठेवून सगळे चाललेले असतात.

मग ते कोपर माझ्यासाठी हललं. मी पुढे आलो आणि वारा पुन्हा छातीवर आदळला, आधीइतकाच. पण आता तो मी चौघांसाठी अडवत होतो. पाळी फार तर दोन मिनिटांची असेल. पुढे कितीतरी मोठी अंतरं झाली, पदकंही मिळाली, ती कुठल्या खणात आहेत ते शोधावं लागेल. ती दोन मिनिटं शोधावी लागत नाहीत.

वाऱ्याची किंमत काय असते, ते 1989 च्या टूर द फ्रान्सला, फ्रान्समधल्या त्या अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीला विचारा. शेवटचा टप्पा, व्हर्साय ते पॅरिस, साडेचोवीस किलोमीटर, प्रत्येकानं एकट्यानं घड्याळाशी लढायचं. ग्रेग लेमाँड आघाडीवरच्या लोरां फिन्योंच्या पन्नास सेकंद मागे होता. लेमाँडनं पुढे निघालेलं जोड-हँडल लावलं होतं, त्यावर हात जवळ आणि अंग खाली राहतं. फिन्यों साध्या हँडलवर, उघड्या डोक्यानं, मागे शेंडी उडवत निघाला. तीन हजारांवर किलोमीटरच्या शर्यतीत तो आठ सेकंदांनी हरला. टूरच्या इतिहासात इतका निसटता निकाल दुसरा नाही. त्या शेंडीवर अजून वाद चालतात!

(पडद्यावर: रात्र. हेडलाइटच्या उजेडात उलटी ठेवलेली सायकल.)

1887-88 मध्ये जॉन बॉइड डनलॉपनं मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचं टायर बनवलं. त्याआधी भरीव रबर होतं आणि हाडं खिळखिळी व्हायची. हवेचं टायर आलं आणि त्याच्याबरोबर पंक्चर आलं.

रात्रीची वेळ होती. जवळची जादा ट्यूब आधीच वापरून झाली होती, आणि पुन्हा मागचं चाक बसलं. एक बाई थांबल्या. वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या. सायकल स्टँडला लावून सरळ विचारलं, “टायर आतून चाचपलंस?” मी म्हटलं, “दोनदा. काही लागलं नाही.” “दे इकडे.” त्यांनी हातमोजा काढला, डोळे मिटले आणि टायरच्या आतून तर्जनी फिरवायला सुरुवात केली, अगदी हळू. अर्ध्यावर बोट थांबलं. “हं. ही बघ.”

दोन-तीन मिलिमीटरची तार. ट्रकच्या फाटलेल्या टायरांमधून अशा बारीक पोलादी तारा रस्त्यावर विखुरतात. दिसत नाहीत, रबरात रुतून बसतात, आणि चाकावर वजन पडलं की टोचतात. नवी ट्यूब टाकली तरी तीही जाणार. त्यांनी खिशातून नेलकटर काढून तार ओढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मग ट्यूब घासली, बोटानं सोल्यूशन पसरलं. मी लगेच पॅच पुढे केला, तर म्हणाल्या, “वाळू दे आधी. ओल्यावर लावलास तर अर्ध्या तासात परत इथेच बसशील.”

सोल्यूशनची चकाकी जाईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. गप्पा फारशा झाल्या नाहीत. गुडघ्यांबद्दल थोडं, दिव्याच्या बॅटरीबद्दल थोडं. मग त्यांनी पॅच अंगठ्यानं दाबला, मधून कडेकडे, आणि हवा भरायला पंप माझ्या हातात दिला. नाव विचारायचं राहिलं. नेलकटर मात्र तेव्हापासून माझ्या पिशवीत असतंच.

(पडद्यावर: जुनं लोहारकामाचं दुकान. भाता, निखारे.)

अशा मदतीची शिक्षाही झालेली आहे. 1913 ची टूर द फ्रान्स. पिरेनीजमधल्या तूरमालेच्या उतारावर युजेन क्रिस्तोफच्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, मोडला. नियम असा, की दुरुस्ती स्वतःच करायची, बाहेरची मदत घ्यायची नाही. तो सायकल खांद्यावर टाकून दहा किलोमीटरहून जास्त चालला आणि खालच्या सेंत-मारी-द-कांपां गावातल्या लोहाराच्या भट्टीशी पोचला. शर्यतीचे अधिकारी समोर उभे. त्यांच्या देखत त्यानं स्वतः लोखंड तापवलं, ठोकलं, फोर्क जोडला. पण एका हातात चिमटा, एका हातात हातोडा. भाता कोण ओढणार? एका पोरानं ओढला. त्यासाठी क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो कमी केला म्हणतात, पण तोवर तासन्‌तास गेले होते आणि शर्यत हातची गेली होती.

सहा वर्षांनी, 1919 मध्ये, टूरमधली पहिली पिवळी जर्सी, म्हणजे आघाडीवरच्या स्वाराची खूण, याच क्रिस्तोफच्या अंगावर चढली, आणि त्याही वर्षी, जिंकत असताना, त्याचा फोर्क मोडला. नशीब म्हणतात ते हेच. टूर त्याला कधीच जिंकता आली नाही. लोकांना मात्र तो लोहाराच्या भट्टीसाठी आठवतो, आणि त्या भट्टीच्या गोष्टीतून भाता ओढणारा पोरगा काढताच येत नाही.

मला ब्रेव्हेचा, म्हणजे लांबचं अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायच्या सायकलफेरीचा, नियम जास्त पटतो. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. सगळ्यात जुनी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, 1891 पासूनची. आता तिथे बाराशे किलोमीटरला नव्वद तास मिळतात. मागून गाडी आणायची नाही, बाहेरची मदत घ्यायचीच तर ती फक्त कंट्रोलवर, म्हणजे कार्डावर शिक्का घ्यायच्या ठरलेल्या थांब्यावर. पण बरोबरच्या सायकलस्वारानं मदत केली, तर हरकत नाही. हा नियम ज्यानं कुणी लिहिला, त्यानं रात्रभर सायकल चालवलेली असणार.

कारण पहाटे तीन ते पाच या वेळेत माणसाचं काही खरं नसतं. पाय चालत असतात आणि डोळे मिटतात. अशाच एका रात्री माझी सायकल रस्त्याच्या कडेकडे जायला लागली, तेव्हा शेजारच्यानं दरडावून विचारलं, “एकोणिसाचा पाढा येतो का?” मी म्हटलं, येतो. “म्हण.” एकोणीस साती मी तीनदा चुकलो. मग तेवीसचा, मग एकोणतीसचा. तो स्वतःही चुकत होता आणि माझ्यावर ओरडत होता. पुढच्या कंट्रोलवर कार्डावर शिक्का घेताना दोघंही ठार जागे होतो. हातातल्या केळ्याचं त्यानं न विचारता अर्ध माझ्या पुढे केलं.

1952 च्या टूरमधला एक फोटो जगभर प्रसिद्ध आहे. आल्प्सच्या चढावर फाउस्तो कोप्पी आणि जीनो बार्ताली, इटलीला दोन तटांत वाटणारे प्रतिस्पर्धी, आणि दोघांच्या हातांमध्ये एक बाटली. कुणी कुणाला दिली, यावर इटलीत आजवर भांडतात. केळ्याच्या बाबतीत आमचा वाद नाही. ते त्याचंच होतं.

(पडद्यावर: वळणावळणाचा उतार. सायकलवरून दिसणारा.)

एकट्याचे क्षण नाहीतच, असं नाही. उजाडताना रिकामा उतार, हात ड्रॉपवर, म्हणजे हँडलच्या खाली वाकलेल्या भागावर, बोटं ब्रेकवर, डोळ्यांतून पाणी. तो आनंद निखळ असतो. पण तो सांगायला गेलं की दोन वाक्यांत संपतो.

म्हणून शेवटी टँडेम. दोन सीट, पेडलच्या दोन जोड्या, दोन्ही चेननं एकमेकींना बांधलेल्या. पुढच्यानं पाय थांबवले की मागच्याचेही थांबतात. पॅरालिम्पिकमध्ये अंध खेळाडूंच्या शर्यती याच सायकलवर होतात, पुढे डोळस पायलट असतो. माझ्या मागे बसला होता लहानपणापासून दृष्टी नसलेला एक मित्र. हँडल, ब्रेक, गिअर सगळं माझ्याकडे, त्यामुळे मला सतत बोलत राहायचं होतं. गिअर बदलतोय. पुढे खड्डा. आता उजवं वळण. पाय थांबव.

पहिल्या तासाभरात तो गप्प होता. मग म्हणाला, “डावीकडे पाणी आहे का रे?” मी पाहिलं. झाडीच्या मागे, बरंच खाली, ओढा होता. मला दिसला नव्हता. “तुला कसं कळलं?” “गार लागलं ना एकदम.” त्यानंतर रस्ता सांगायचं काम दोघांत वाटलं गेलं. सावली संपली, तो सांगायचा. पुढे ट्रक येतोय, तोही तोच आधी सांगायचा. मी खड्डे सांभाळत होतो.

मग तो मोठा उतार आला. टँडेमवर दोघांचं वजन, वेग भराभर वाढतो. मी ब्रेक दाबला.

“का रे?”

“वळण आहे.”

“संपलं?”

“संपलं.”

“मग सोड की!”

मी सोडला. मागून जो आरडाओरडा सुरू झाला, तो पायथ्यापर्यंत थांबला नाही. खाली पोचून मी पाय टेकवले, पाण्याची बाटली काढली, तोवर हा म्हणतोय, “चल, परत वर.”

“अरे, तासभर चढायला लागेल.”

“लागू दे. पाय चार आहेत.”