मोह, पाप आणि पंचमांश

(मिरज येथे उपवासकाळात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘मोहावर विजय’. त्याकडे येतोच. पण आधी पापानंतरचा हिशेब, कारण आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतून तोच गळालाय. उज्जीवन सभेत, म्हणजे विश्वास जागवायच्या सभेत, माणूस रडतो, पुढे येऊन गुडघे टेकतो आणि सोमवारी, ज्याचे पैसे बुडवले त्याच्याच दारावरून मान खाली घालून निघून जातो.

बायबलमधल्या ‘लेवीय’ पुस्तकाचा अध्याय 6 काढा. ठेव बुडवली, कुणाला लुबाडलं, सापडलेली वस्तू दडपली, वर खोटी शपथ घेतली. मग करायचं काय? मुद्दल पूर्ण परत, त्यावर पंचमांश, तेही दोषार्पणाच्याच, म्हणजे पापाबद्दल देवाला मेंढा वाहायच्याच दिवशी. 500 लाटले तर 600. व्यापारी मंडळी बसलीत म्हणून सांगतो, पंचमांश म्हणजे वीस टक्के, सव्वापट नव्हे! आणि क्रम बघा: आधी माणसाचं देणं, मग देवापुढे मेंढा. आपलं उलटं. तासगावच्या शेतकऱ्याच्या बेदाण्यात क्विंटलमागे दोन किलो मारायचे आणि रविवारी दानपेटीत शंभराची नोट टाकायची. देव काय अडत्या आहे, तुमच्याकडून घेऊन त्याला पोचवायला?

शेतकरी हयात नसेल तर? गणना 5 सांगतं, जवळच्या नातलगाला द्या. तोही नसेल तरच याजकाकडे, म्हणजे पुरोहिताकडे. म्हणजे दानपेटीचा नंबर तिसरा. पाळकसाहेब, माफ करा. (हशा)

आता निर्गम 22. चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं तर एकाला चार, बैल असेल तर पाच. जनावर जिवंत हाती लागलं तर दुप्पट. आपणहून कबूल करणाऱ्याला मात्र पंचमांशच. कायद्यानेच कबुली स्वस्त ठेवलीय!

दावीद राजाला हे तोंडपाठ होतं. संदेष्टा नाथानाने गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली, तसा तो भडकला. म्हणाला, असल्या माणसाला मरणच हवं, त्याने चौपट भरून द्यावं! दुसऱ्याला कलम लावताना कुणी अडखळत नाही. मग ऐकावं लागलं, तो मनुष्य तूच; कारण दावीदाने उरीयाची बायको घेतली होती आणि उरीयाला मारवलं होतं.

आणि यरीहोतला जक्कय? मुख्य जकातदार, पैसेवाला, उंबरावर चढलेला. त्याला कुणी पकडलं नव्हतं. येशूने हिशेब मागितलाच नाही, तुझ्या घरी उतरायचंय एवढंच म्हटलं. पंचमांशावर भागलं असतं. पण याने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि अन्यायाने घेतलेलं चौपट परत करायचं ठरवलं. पकडलेल्या चोराचं कलम स्वतःला लावून घेतलं! तारण कृपेने आहे ना, असं कुणी म्हणेल. बरोबर. येशूची हाक आधी, चौपट नंतर. ती माफीची किंमत नव्हे. माफी मिळालेल्या माणसाचा हात असा सैल होतो.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. मोहाकडे पळत जाऊ.

मोह वाटणं पाप नाही; इब्री 4:15 प्रमाणे येशूचीही परीक्षा झाली, पण तो निष्पाप राहिला. याकोब 1 मध्ये पायऱ्या आहेत: वासना ओढते, ती गर्भवती होऊन पापाला जन्म देते, पाप वाढलं की मरण. दावीदाला गच्चीवरून बाई दिसली, तिथवर ठीक. त्याने चौकशी केली. उत्तर आलं, उरीयाची बायको. थांबायला तेवढं पुरे होतं. त्यावर माणसं धाडली. मोह तोडायचा तो या चौकशीच्या पायरीवर. पुढे फार जड जातं.

मत्तय 4 मध्ये सैतान येशूला मोह घालतो; तिथली येशूची तिन्ही उत्तरं ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली, 8:3, 6:16 आणि 6:13. म्हणजे वचन आधीच पाठ हवं. पण सैतानालाही स्तोत्र 91 पाठ होतं, हेही लक्षात ठेवा!

राहिला येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा. त्याने चांदीची तीस नाणी परत केलीच की! पण नेली कुणाकडे? याजकांकडे. ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय? तो तिथून गेला आणि गळफास घेतला. येशूला नाकारणाऱ्या पेत्राकडे परत द्यायला काही नव्हतं, तो रडला. पण इतर शिष्यांमध्ये राहिला, म्हणून येशूला भेटला.

आणि उरीयाचा पंचमांश कसा काढणार, असं मागे कुणी विचारतंय. नाही निघत. त्याचं मुद्दलच परत येत नाही, म्हणून दावीदाच्या पश्चात्तापाच्या स्तोत्र 51 मध्ये आकडा नाही. बाकीचं चहाच्या वेळी बोलू.