हाक मारताना वाकणारा शब्द

[रामकुंड, पहाट. पाण्याचा आवाज.]

थंड पाण्यात पाय पडला की तोंडून आपसूक निघतं, ‘रामा, शिवा, गोविंदा!’ शेजारी गुरुजी म्हणत असतात, ‘गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति...’ पुढे नर्मदा, सिंधू, कावेरी. सात नद्या, सातही जणींना हाक. छापलेला मंत्र नीट पाहा: ‘गोदावरि’ची वेलांटी ऱ्हस्व आहे. ती छपाईची चूक नव्हे. नदीविषयी बोलायचं तर गोदावरी, नदीलाच बोलवायचं तर गोदावरि. तशीच गंगेची ‘गंगे’. सिंधूचं खरं तर ‘सिन्धो’ व्हायला हवं, पण मंत्रात सगळे ‘सिन्धु’च म्हणतात आणि त्यावरून नदी काही रुसलेली नाही.

लॅटिनातही ब्रूटसला हाक मारताना ‘ब्रूटे’ म्हणत. पाणिनीनं संबोधनाला वेगळी विभक्ती मानलं नाही, प्रथमेतच बसवलं. आपल्या शाळेत मात्र ती आठवी, तक्त्याच्या तळाशी. पाठ करता करता तिथवर पोचेपर्यंत दम संपलेला असतो.

[गोदाघाट, बुधवारचा बाजार.]

मराठीत एकवचनी हाकेला प्रत्ययच नाही. मित्राला, मित्राचा, यातलं ‘ला’, ‘चा’ काढा. उरला ‘मित्रा’, तीच हाक. अनेकवचनात ‘नो’ लागतो: भाविकांनो, पोरांनो. हिंदीत उलटी गंमत. तिथे हाकेत अनुस्वार गळतो, ‘भाइयो’. लिहिताना तो पुष्कळदा उगाच चिकटतो.

आता या गर्दीत कान द्या. कॉलेजचा पोरगा मित्राला म्हणतो, ‘भावा, गाडी काढ.’ तोच कोथिंबीर घेताना विचारतो, ‘भाऊ, जुडी कशी दिली?’ नाम एकच. दोस्ताला वाकवलेलं, अनोळखी माणसाला सरळ ठेवलेलं. काका-मावशींचा प्रश्न नाही, त्यांचं रूप मुळात बदलतच नाही. पण शेठ, साहेब, मास्तर यांचं बदलतं, तरी हाकेत कुणी बदलत नाही. ‘साहेबा’ म्हणून बघा, समोरच्याला थट्टाच वाटेल. हे कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नाही, पण भाजी घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

माणसांच्या नावांवरून तर ही सवय उतरतच चालली आहे. राहुलला ‘राहुला’ कोण म्हणतं? देवांची मात्र सुटका नाही. रामा, विठ्ठला, पांडुरंगा! ज्याच्यापुढे डोकं टेकायचं, त्यालाच अरे-तुरे, आणि नावही वाकवून.

[संध्याकाळ. पाण्यावर द्रोणातले दिवे.]

नाशिककर गोदेला गंगाच म्हणतात. दिवा सोडणाऱ्या आजी पुटपुटतात, ‘गंगामाई, सांभाळ गं.’ ईकारान्त नाव, वाकायला काही नाहीच. सगळी जवळीक त्या ‘गं’मध्ये.