वर्गणीची यादी आणि शून्य बाइट

दृश्य: नारायण पेठ. मंडळाच्या कार्यालयाचं अर्धं उघडं शटर, आत ट्यूबलाइट.

निवेदन:
उत्सवाला महिना राहिलाय. भिंतीला ढोल टेकवलेत, टेबलावर पावतीपुस्तकांची चळत आणि तिच्या आडोशाला लॅपटॉप. वर्गणीची यादी इंजिनिअरिंगच्या एका कार्यकर्त्याकडे आलीय. लिनक्सवाला गडी, त्यामुळे एक्सेल-बिक्सेल काही नाही. साधी टेक्स्ट फाइल: नाव, इमारत, रक्कम.

ही यादी आडनावांप्रमाणे लावायची आहे. आम्ही त्याला मुद्दाम घातक कमांड द्यायला सांगितली. प्रत आधी बाजूला काढून, अर्थात. पेठेत राहून वर्गणीशी खेळ करायची आमची छाती नाही.

दृश्य: टर्मिनल. सॉर्ट (क्रम लावणारी कमांड), यादी, मोठेपणाचं चिन्ह (>, म्हणजे निकाल पुढच्या फाइलमध्ये टाक), पुन्हा यादी. एंटर.

निवेदन:
फाइल जागेवर आहे. आकार ० बाइट.

यात सॉर्टचा काही दोष नाही. तो सुरू व्हायच्या आधीच शेलने, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांडी चालवणाऱ्या प्रोग्रामने, निकाल ठेवण्यासाठी तीच फाइल उघडली आणि कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, सांगितलं: लिहायला दे, नसेल तर तयार कर, असेल तर रिकामी कर. सॉर्ट वाचायला पोचला तेव्हा आत काहीच उरलं नव्हतं.

नवा मजकूर पडला की जुना जातो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो ओपनलाच जातो, राइटची पहिली हाक पडायच्याही आधी. लिनक्स ज्याच्या वळणावर गेला त्या युनिक्सची ही खोड जन्मापासूनची. नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये 'क्रिएट' या सिस्टिम कॉलबद्दल (प्रोग्रामने कर्नलला मारलेली हाक) हेच लिहिलंय: फाइल आधीपासून असेल तर मालक आणि परवानग्या तशाच, लांबी मात्र शून्य.

मग रिकामी न करता वरूनच लिहिलं तर?

दृश्य: पडद्यावर एकच ओळ, एकच रक्कम: १००१.

निवेदन:
देणगीदाराने आकडा बदलला, ५१ केला. कार्यकर्त्याच्या छोट्या सी प्रोग्रामने फाइल उघडली, पण 'ट्रंकेट'चा झेंडा, म्हणजे 'आधी रिकामी कर' ही खूण, लावला नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी आकडा ३ बाइटचा. ५१चे ६ बाइट सुरुवातीला बसले, १००१चे शेवटचे ६ तिथेच राहिले. फाइल उघडून पाहा: ५१०१.

खजिनदार खूश, देणगीदार नाही.

म्हणून जाणते लोक मूळ फाइलला हातच लावत नाहीत. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवी फाइल करायची, तीही 'आधीच असेल तर नकार दे' या अटीवर. दोघांनी एकदम तेच नाव मागितलं तर एकालाच मिळतं, दुसऱ्याच्या हातात एरर. मग राइट. हा कॉल किती बाइट स्वीकारले ते सांगतो आणि तो आकडा मागितल्यापेक्षा कमी असू शकतो, तेव्हा उरलेले पुन्हा द्यायचे. हा परतीचा आकडा न तपासणारे प्रोग्राम पुण्यातल्या कॉलेजांच्या लॅबमध्येच काय, कुठेही ढिगाने सापडतील.

राइट झालं म्हणजे डिस्कवर गेलं असंही नाही. मजकूर काही काळ मेमरीतच असतो आणि पेठेत लाइट कधी जाईल याचा नेम नाही. एफसिंक केलं की कर्नल तो डिस्कवर पोचवूनच परत येतो. शेवटी रीनेम: नवी फाइल जुन्या नावावर. त्या क्षणी यादी उघडणाऱ्याला पूर्ण जुनी दिसेल किंवा पूर्ण नवी, अर्धवट कधीच नाही. फोल्डर तोच का, तर रीनेमला एका फाइल सिस्टिममधून दुसरीत जाता येत नाही.

दृश्य: यादी लागली. खजिनदार काका आपल्या लॉगिनवरून ती उघडतात. 'परवानगी नाही.'

निवेदन:
नाव जुनं असलं तरी फाइल नवी आहे. तात्पुरत्या फाइली करणारं 'एमकेएसटेम्प' फंक्शन ती फक्त मालकापुरती उघडी ठेवतं, परवानगी ६००. जुन्या फाइलची ६४४, म्हणजे इतरांनाही वाचता येईल अशी परवानगी, तिच्याबरोबरच गेली. रीनेमच्या आधी जुन्या परवानग्या नव्या फाइलवर चढवणारी एक ओळ राहून गेली होती.

"अरे, माझ्याच मंडळाची यादी मलाच दिसेना होय?"

"थांबा काका, करतो."