जुहू ते चिपी, स्वतः उडवत

(दृश्य: जुहू, पहाट. पंखाखाली वाकलेला माणूस, हातात पारदर्शक कप.)

जुहूच्या छोट्या धावपट्टीवरून सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर निघायचंय. कपात निळं दिसतंय ते अ‍ॅव्हगॅस, छोट्या विमानांचं पेट्रोल. तळाशी हलणारा थेंब पाण्याचा. अर्धवट भरलेल्या टाकीला कोकणच्या दमट हवेत रात्रीतून आत घाम सुटतो आणि जड पाणी तळाला बसतं. सेसना १७२ एस या चार सीटच्या, एका इंजिनाच्या विमानाला ते काढायचे १३ निचरे: दोन्ही पंखांत पाच-पाच, पोटाखाली तीन. कप निव्वळ निळा येईपर्यंत प्रत्येक सोडायचा. हे पाणी इंजिनात गेलं तर ते टेक-ऑफलाच दगा देतं, आणि जुहूला पश्चिमेकडे समोर समुद्रच.

(दृश्य: पिटो नळी, अगदी जवळून.)

हिच्यावरून विमानाचा वेग कळतो. कव्हर घालायचं राहिलं की कुंभारीण माशी तोंड मातीने लिंपून टाकते. काडीने कोरू नये, माती आत जाते. इंजिनिअरला बोलवावं.

(दृश्य: मांडीवर पॅड, आकडेमोड.)

दोन्ही टाक्या मिळून २०० लिटर, म्हणजे १४४ किलो. कमाल वजन ११५७ किलो. उरतात तीन माणसं आणि बॅगा; चौथ्या सीटवर फार तर काजूची सॅम्पलं. ताशी ३५ लिटर धरले तर येऊन-जाऊन १३० लागतात. परतीचं इंधनही इथूनच न्यायचं, कारण जेटचं इंधन, एटीएफ, या इंजिनाला चालत नाही आणि अ‍ॅव्हगॅस सगळीकडे मिळत नाही. विमानतळावर एक छोटा टँकर ठेवणं इतकं अवघड का असावं?

पॅडवरचे ते दोन नंबर एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसीचे (हवाई संरक्षणाची परवानगी). ते आल्याशिवाय निघायचं नाही. चिपीच्या टॉवरच्या वेळा आणि पार्किंग आदल्या दिवशीच विचारून ठेवलेलं बरं.

प्रायव्हेट लायसन्सला किमान ४० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले २० एकट्याने. त्यावर स्वतःच्या कारखान्यात खुशाल जावं. शेजाऱ्याच्या आंबापेटीचं भाडं मात्र घेता येत नाही.

(दृश्य: किनारा, ३००० फुटांवरून.)

रस्त्याने दहा-बारा तास, इथून पावणेदोन. अंतर सुमारे १९० नॉटिकल मैल. किनारा डाव्या खिडकीत, पायलटच्या बाजूला. इंजिन थांबलं तर हे विमान हजार फुटांमागे दीड मैल तरंगतं, म्हणून साडेचार मैलांच्या आतच राहायचं. कुंडलिका, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. जीपीएस असतोच, तरी नकाशातली खाडी आणि खिडकीतली खाडी जुळवत जायचं.

(दृश्य: जांभ्याचा सडा, धावपट्टी.)

चिपी. धावपट्टी २५०० मीटर, जुहूच्या दुपटीहून जास्त. दुपारकडे समुद्रावरून वारा सुटला की पूर्वेकडून येऊन धावपट्टीच्या २७ नंबरच्या, पश्चिमेकडे तोंड असलेल्या दिशेने उतरायचं. सड्याची, म्हणजे या सपाट पठाराची, कड ओलांडताना हा वारा विमान खाली ओढतो. तेव्हा वेग ६५ नॉटच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि पॉवर लवकर काढायची नाही.

(दृश्य: घड्याळ, साडेतीन.)

सूर्यास्तानंतर २० मिनिटांपलीकडे व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून उडवणं, नाही. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि परतताना वायव्येचा वारा तोंडावर. मीटिंग लांबली की मुक्काम. पावसाळ्यात कोकण रेल्वे.

(दृश्य: जुहू, संध्याकाळ. पाण्याचा पाइप.)

खारं अंगावर रात्रभर राहू द्यायचं नाही. आधी पिटोला कव्हर, हवेचा दाब मोजणाऱ्या स्टॅटिक छिद्रांवर टेप, मग गोडं पाणी, बिजागऱ्यांत नीट. धुऊन झालं की टेप काढायची.